फुलसिंगकाकांची अनाउन्समेंट

आमच्या स्टँडवर प्रत्येक गाडी दोनदा लागायची. एकदा चौकशी खिडकीच्या स्पीकरवरून मराठीत, आणि लगेच फुलसिंगकाकांच्या घशातून गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत. काका बाकावर चढून तांड्यांवरून आलेल्या म्हाताऱ्यांना 'याडी' म्हणून, म्हणजे आई म्हणून, हाक मारत आणि पुसदची गाडी कुठे उभी आहे ते सांगत. एवढ्यावर थांबले तर ते काका कसले! दिग्रसला डोळ्यांचा डॉक्टर कुठे बसतो, सुनेशी का भांडू नये, हेही त्याच अनाउन्समेंटमध्ये. गाडी निघून जायची, काका सुनेवरच असायचे. माझं पेपरचं दुकान त्या बाकाला खेटून, त्यामुळे गोरबोली मला फुकटात समजू लागली आणि कानांना कायमचे दडे बसले.

हे काम त्यांना कोणी दिलं नव्हतं. कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झाल्यावर त्यांनीच ते अंगावर घेतलं होतं. "काम सरकारचं हाये," ते म्हणत. "सरकार करत नाही म्हणून मी करून राह्यलो."

मग निवडणूक आली आणि पुढाऱ्यांना काका दिसले. एकाने दोन्ही भाषांत अनाउन्समेंट झालीच पाहिजे म्हणून स्टँडसमोर मांडव टाकला. दुसऱ्याने मराठीवर अन्याय होतो म्हणून त्याच्यासमोर. पहिल्या मांडवातली सगळी भाषणं मराठीत झाली. दुसऱ्या मांडवातले दोघे-तिघे चहाला आले की आपसात गोरबोलीतच बोलायचे. तिसऱ्या एकाने कोलामांच्या कोलामी बोलीचं काय, असं विचारलं, पण त्याला स्वतःला कोलामीचा गंधही नव्हता. काका मात्र दोन्ही मांडवांत जाऊन टाळ्या वाजवून आले.

शेवटी दोन्ही भाषा मंजूर झाल्या. आता आवाज कोणाचा? प्रत्येक पुढाऱ्याचा भाचा तयार होता, पण एकाही भाच्याला बोली धड येईना. तेव्हा काकांनाच यवतमाळला नेऊन त्यांचा आवाज भरून आणला. सुनेचा भाग तेवढा कापला.

आता बटण दाबलं की काका स्पीकरमधून घुमतात. म्हातारी ऐकते आणि सरळ गाडीत जाऊन बसते. बाकाकडे कोणी फिरकत नाही. सुरुवातीला काका सवयीने बाकावर चढले, तर कंट्रोलरने त्यांना हात धरून उतरवलं. त्यांच्याच आवाजात ते व्यत्यय आणत होते. मला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं.

तरी ते रोज येतात आणि शेवटच्या गाडीपर्यंत बसतात. परवा न राहवून विचारलं, "काका, आता कायले येता? घरी आराम करा ना."

स्पीकरवर त्यांचाच आवाज कोण्या याडीला उमरखेडच्या गाडीकडे बोलावत होता. तो संपेपर्यंत काका मान हलवत ऐकत राहिले.

"घरी पोरगा, सून, नातवंडं, सारे मराठीत बोलतेत," ते म्हणाले. "तुयी काकी गेली तवापासून आपल्या बोलीत एक शब्द कानावर पडत नाही. इथं हा बुढा तरी बोलते."