चारचा भोंगा

पुराची रंगीत तालीम दुपारी चारला ठेवली, तिथंच स्नेहल मॅडम चुकल्या. बंद पडलेल्या कागद मिलच्या वसाहतीत त्या महिनाभर पोरांना शिकवत होत्या: तापी चढली, इशारा झाला, की घरातल्या म्हाताऱ्यांना घेऊन पंधरा मिनिटांत शाळेच्या गच्चीवर. इशाऱ्यासाठी मिलचा जुना भोंगा दुरुस्त करून शाळेत आणला होता. मिलमध्ये तो तीस वर्षं वाजवणारे आत्माराम इस्त्रीचा सदरा घालून तासभर आधीच हजर झाले.

बरोबर चारला त्यांनी खटका दाबला. तो लांबलचक सूर वसाहतीवरून फिरला आणि त्यांचेच डोळे भरून आले.

पोरं गच्चीकडं धावली. म्हातारे मात्र उलटे निघाले, मिलच्या फाटकाकडं, थेट नदीच्या अंगाला. सुपडू तर रिकामा डबा घेऊन.

"आजोबा, उधर कुठं चालले? ऊपर चला ना!" त्याची नात रंजिता ओरडली.

"चारची पाळी आहे, बेटा! लेट झालं तं साहेब बोंबलतो!" एवढं बोलून सुपडू स्वतःच थबकला. मिल बंद होऊन अकरा वर्षं झाली होती.

पण आलोच आहोत तर, म्हणून सगळे कुलूपबंद फाटकापाशी टेकले. कोण कुठल्या मशीनवर होता, कोणाचा डबा कोण चोरून खायचा, गप्पा रंगल्या. न्यायला आलेली पोरंही ऐकत बसली.

इकडं शाळेत मॅडमनी आत्मारामांसमोर यादी पाहिली. "वेळ संपली. बावीस जण बुडाले. आणि काका, तुमच्या घरच्या ताराबाईसुद्धा."

पूर खोटा आहे हे ठाऊक असूनही आत्माराम धापा टाकत घरी पळाले. ताराबाई दारातच बसल्या होत्या. समोर दोन कप.

"अगं, भोंगा ऐकला नाहीस? बुडाली तू! मॅडमच्या कागदावर!"

"ऐकला ना. म्हणूनच तं चहा टाकला." त्यांनी कप पुढे सरकवला. "चारला तुमची सुट्टी झाली की लगेच यायचे तुम्ही. आज भलताच टाइम लावला."

 आत्माराम हळूच पायरीवर बसले.

"प्या अगोदर, निवून राहिला," ताराबाई म्हणाल्या. "बुडायचं मंग पाहू."