दोन कुलपांचा लॅपटॉप

कामठ्याच्या रेणूला संध्याकाळच्या आत लॅपटॉपवर पायथन हे प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोंदियाच्या कॉलेजात प्रॅक्टिकल, आणि पायथन नसेल त्याला बसू देणार नव्हते. लॅपटॉप मात्र अडून बसला. प्रशासकाची परवानगी हवी, पासवर्ड टाका.

"टाक ना मंग," तिचे वडील गोपीचंद म्हणाले.

"अर्धाच तुमच्याजवळ आहे ना, बाबा. अर्धा मोठ्या बाबाजवळ."

या घराण्याच्या तलावाला पाणी सोडायचं एक तोंड आहे, तुडूम म्हणतात त्याला. त्यावर दोन कुलपं, एक थोरल्या घराचं, एक धाकट्याचं. दोन्ही किल्ल्या जमल्याशिवाय थेंब सुटत नाही. तिथला बगळासुद्धा दोन्ही घरांकडे बघून मगच मासा उचलतो. लॅपटॉप दोन्ही घरांत मिळून आला, तेव्हा गोपीचंद आणि त्यांचे थोरले भाऊ भैयाजी, म्हणजे रेणूचे मोठे बाबा, यांनी तोच कायदा लावला. एकानं अर्धा पासवर्ड टाकायचा, दुसऱ्यानं पाठ फिरवायची. पुढे धानाच्या पाण्यावरून दोघांचं बिनसलं आणि बोलणंच बंद झालं.

रेणू भैयाजींना हाताला धरून घेऊन आली. त्यांनी पडद्याकडे संशयानं पाहिलं.

"हा पायथन कोन व? ओळख ना पाळख. मशीन बराबर बोलून राहिली. अनोळखी मानसाले तुडूम कायले उघडून द्या?"

"मोठे बाबा, माझं साल वाया जाईन."

गोपीचंद भिंतीला म्हणाले, "रेणू, तुझ्या मोठ्या बाबाले सांग, पोरीचं काम आहे."

"तुझ्या बापाले सांग, म्हनूनच आलो."

भैयाजींनी टाकला, गोपीचंदांनी टाकला. चुकला.

"मोठ्या बाबाले सांग, चष्मा पुस."

"तुझ्या बापाले सांग, लॅपटॉप आला त्या दिवशी पहिले त्यानं टाकला होता. मी रुसून होतो."

"तुमी काऊन रुसले होते, भाऊ?" गोपीचंदांच्या तोंडून निघून गेलं.

भैयाजींनी चष्मा पुसला. "आता आठवत नाही, गोपी."

उलट्या क्रमानं टाकला, तरी चुकला. मग त्या दिवशी नेमकं काय काय झालं ते आठवायला दोघे ओसरीत जाऊन बसले.

रेणू डोकं धरून पडद्याकडे बघत राहिली. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती : फक्त स्वतःसाठी बसवायचं असल्यास परवानगी लागत नाही. तिनं ती दाबली. बांधाच्या फटीतून पाणी झिरपावं तसं पायथन मुकाट आत आलं.

ओसरीतून आवाज येत होते. "त्या दिवशी लाखोळीची डाळ होती." "नाही जी भाऊ, तुरीची. तुमीच तर तीनदा वाढून घेतली."

"जमलं का व?" भैयाजींनी विचारलं.

रेणूनं लॅपटॉप हळूच मिटला. "नाही जी. आठवा अजून. मी चहा मांडून राहिली."

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल आटोपून ती परतली, तर दोघे आधीच लॅपटॉपपुढे. भैयाजी एका बोटानं पासवर्ड टाकत होते आणि गोपीचंद त्यांच्या खांद्यावरून वाकून एकेक अक्षर सांगत होते. पाठ फिरवायचं कोणाच्याच ध्यानात नव्हतं.

"आजही नाही जमलं, पोरी," भैयाजी म्हणाले. "उद्या मले परत या लागते."

"या लागंनच, मोठे बाबा," रेणू म्हणाली. "मशीन लय हट्टी आहे."