आठव्या दिवसाचं पीठ

ज्यूंच्या वल्हांडण सणाचा सातवा दिवस मावळला. खालच्या मजल्यावर सिम्हा ओहायोनच्या घरी मिमूनासाठी, म्हणजे सण सुटल्याच्या मेजवानीसाठी, तीस माणसं जमली, तेव्हा वरच्या खोलीत नेसा लिंडनर आठव्या दिवसाच्या मेणबत्त्या लावून जेवायला बसली होती. ताटात बेखमीर भाकरी, बटाटा आणि उकडलेलं अंडं. सात दिवसांत तिने एकवीस अंडी खाल्ली होती. हा आकडा अंदाजे नव्हता. रसायनशास्त्राची पदवी घेऊन रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, व्हायला निघालेल्या मुलीच्या काही सवयी सुटत नाहीत.

जेरुसलेमात हा सण सात दिवसांचा, बाहेरच्या देशांत आठ. वर्षभरासाठी शिकायला आलेल्यांसाठी नियम सरळ आहे: परत जायचं असेल त्याने आठ पाळावेत, राहायचं असेल त्याने सात. नेसाने हिवाळ्यातच यावर चौदा पानांचा निबंध वर्गात वाचला होता आणि शेवटी स्वतःपुरता निकालही दिला होता: आठ. अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या एका लहानशा ज्यू मंडळीने तिला पुढच्या वर्षी रब्बी म्हणून बोलावलं होतं. इथल्या विद्यालयालाही ती आणखी एक वर्ष हवी होती. दोघांनाही सण संपताच उत्तर द्यायचं होतं. निबंध लिहून झाला होता, उत्तर तेवढं राहिलं होतं.

सिम्हामावशी तिची घरमालकीण. दर शुक्रवारी रश्श्याचं पातेलं घेऊन जिना चढायची आणि पातेलं खाली ठेवायच्या आधी विचारायची, "मग, पुढच्या वर्षी काय?" नेसा अगदी ठामपणे सांगायची, "बघू."

त्या संध्याकाळी मावशी रिकाम्या हाताने आली. "पोरी, माझी पिठाची पिशवी दे. तवा तापलाय."

नेसाने हातातलं अंडं ताटात ठेवलं. सणाआधी मावशीने पिठाची एक निळी पिशवी तिच्या बाल्कनीतल्या कपाटात आणून ठेवली होती. दरवर्षी इथेच ठेवते, घरात नातवंडं हात घालतात, असं म्हणाली होती. नेसाने त्याच कपाटात स्वतःच्या शेवया आणि बिस्किटं कोंबली, दारावर चिकटपट्टी लावली, आणि सणात निषिद्ध असलेलं खमीर, म्हणजे पीठ, शेवया, बिस्किटं असलं सगळं, सणापुरतं परधर्मीयाला विकून मग परत घ्यायचं असतं त्याप्रमाणे विद्यालयाच्या अर्जावर लिहून दिलं, 'बाल्कनीतील कपाट, आतील सर्व वस्तूंसह.' सर्व हा शब्द तिने अधोरेखितही केला होता.

"मावशी, ती पिशवी उद्या संध्याकाळपर्यंत आपली नाही."

"मग कुणाची?"

"विद्यालयाने ज्यांना विकली, त्या गृहस्थांची. माझा सण आठ दिवसांचा आहे, म्हणून माझी विक्री उद्या सुटते."

मावशी कंबरेवर हात ठेवून कपाटाकडे बघत राहिली. "म्हणजे तीस माणसं खाली मध घेऊन बसलीत, आणि माझं पीठ एका अनोळखी माणसाचं आहे."

"कायद्याने, हो."

त्याला फोन लाव, असं मावशीने सांगितलं. नेसाला सणात फोन चालत नव्हता. मावशीला चालत होता, कारण तिचा सण तासाभरापूर्वी संपला होता, पण त्या गृहस्थांचा नंबर विद्यालयाच्या कचेरीत होता आणि कचेरीतले सगळे कुठल्या ना कुठल्या मिमूनाला गेले होते. मावशीने कचेरीतली घंटी बारा वेळा वाजू दिली. तेवढ्यात पीठ का येत नाही ते बघायला तिचा दीर प्रॉस्पेर वर आला, आणि प्रॉस्पेर का येत नाही ते बघायला बाकीचे आले. दहा मिनिटांत जिना भरला.

प्रॉस्पेरकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकले. "एवढंच ना? तू इथेच राहणार म्हण. मग तुझाही सण सातच दिवसांचा, आत्ताच संपला. उघड कपाट."

"नुसतं म्हणून चालत नाही, काका. मनात असावं लागतं."

"मग असू दे की मनात. आमची ना नाही."

हे वाक्य जिन्यावरून खाली निघालं. वरच्या पायरीवर ते 'राहायचं मनात आहे' असं होतं, मधल्या वळणावर 'राहतेय' झालं आणि तळाशी पोचेपर्यंत त्याला नवरा मिळाला. अंगणात बायकांनी आनंदाचा हाकारा घातला. औषधाच्या दुकानात काम करणारा प्रॉस्पेरकाकांचा भाचा केसांना पाणी लावून वर ढकलला जातोय, हे नेसाला कठड्यावरून स्पष्ट दिसलं.

"ते काय बोलतात ते सोड," सिम्हामावशी म्हणाली. आवाज तिने मुद्दाम खाली आणला, त्यामुळे सगळा जिना कान टवकारून पुढे झुकला. "तू सांग. राहतेस की जातेस?"

नेसाच्या ओठांवर 'बघू' आलं होतं. पण 'बघू'ला सण किती दिवसांचा, याचं उत्तर तिच्या चौदा पानांत कुठेच नव्हतं. तिने पाठ कपाटाला टेकवली.

"जाणार," ती म्हणाली. "डुलुथला. तिथे चाळीस घरं आहेत आणि तीन वर्षं त्यांना रब्बी नाही. मला ती चाळीस घरं हवीत."

बोलून झाल्यावर तिला जाणवलं की आवाज जरासुद्धा हलला नाही. भाचा मधल्या वळणावरूनच माघारी फिरला.

"आणि माझं पीठ?" मावशी म्हणाली. "रब्बी होणार ना? मग दे निवाडा."

"बायका कधीपासून निवाडे द्यायला लागल्या?" प्रॉस्पेरकाका पुटपुटले.

"पीठ मळायला लागल्या तेव्हापासून," मावशी म्हणाली. "बोल गं तू."

नेसाने प्रयोगवहीत ओळी मांडाव्यात तसे प्रश्न मांडले. पिशवी कुणी आणली? मावशीने. विकायला नेसाला सांगितलं होतं? नाही. मावशीने स्वतःचं खमीर विकलं होतं का? हो, गल्लीतल्या रब्बीकडे, 'माझ्या मालकीचं जिथे असेल तिथलं सगळं' असं लिहून.

"मग झालं तर," नेसा म्हणाली. "जे माझं नाही ते मी विकूच शकत नाही. माझ्या शेवया त्या गृहस्थांच्या, पीठ तुमचं. तुमची विक्री सुटलीय. फक्त ही पट्टी मला फाडता येणार नाही, माझा सण चालू आहे. तुमचा साधा वार लागलाय, तुम्ही फाडा."

मावशीने पट्टी एका झटक्यात ओढली, निळी पिशवी बगलेत मारली आणि उतरली. प्रॉस्पेरकाका मात्र घुटमळले. मग नेसाच्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "समजा, माझी व्हिस्कीची एक बाटली मेव्हण्याच्या कपाटात होती, आणि त्याने ती विकली." त्यांच्यामागे आणखी चौघं उभी होती. नेसाचं उरलेलं जेवण पाऊण तासाने झालं.

दुसऱ्या संध्याकाळी, दिवस सरल्याची खूण म्हणून आभाळात तीन तारे मोजून, तिने आठवा दिवस संपवला आणि डुलुथला होकार पाठवला. तो दोन ओळींत मावला. मग ती खाली गेली. सिम्हामावशी तव्यावर पोळ्या भाजत होती, कागदासारख्या पातळ. तिने एकीवर लोणी-मध फासून गुंडाळी नेसाच्या हातात दिली. आठ दिवसांच्या अंड्यांनंतरचा तो पहिला घास नेसाने सावकाश चावला. खाता खाता तिची नजर फळीवर गेली.

निळी पिशवी तिथे होती. तोंडाची शिवण तशीच. नेसाने सवयीने तळाची तारीख वाचली. पिठाची मुदत सहा वर्षांपूर्वी संपली होती.

"मावशी, मग काल तीस माणसांनी काय खाल्लं?"

"या डब्यातलं पीठ." मावशीने पोळी उलटली. "तीस माणसं बोलवून पीठ वरच्या मजल्यावर ठेवायला मी काय खुळी आहे?"

"मग वर कशाला आलात?"

"सात महिने तुला विचारतेय. ज्याला ठाऊक असतं तो 'बघू' म्हणत नाही. मला जुलैपासून खोली दुसऱ्या कुणाला द्यायची असते, आणि तुम्ही शिकणारे सगळे मेले सारखेच. पिशवी मागितली की कळतं: राहणारा कपाट उघडतो, जाणारा अडतो. दोघांनी तोंडातून शब्द न काढता कपाट उघडून दिलं, ते आजही याच शहरात आहेत. एक रडला. 'जाते' म्हणून वर पीठही काढून देणारी तूच पहिली." तिने दुसरी पोळी वाढली. "त्या चाळीस घरांचं बरं होईल."

नेसाने बोटावरचा मध चाटून साफ केला. "आणि माझ्या खोलीत कोण येतंय?"

"अर्जेंटिनाचा आहे कुणी. फोनवर विचारलं, पुढे काय करणार. म्हणाला, बघू."

नेसाने हात धुतले, निळी पिशवी फळीवरून उतरवली आणि वर बाल्कनीतल्या कपाटात ठेवायला घेऊन गेली.