सखारामकाकांचं मळकं जहाज

नवी कोरी वस्तू दिसली की सखारामकाकांचे हात शिवशिवायचे. तिला मळवायला. नवी टोपीसुद्धा आधी गुडघ्यावर घासायची, मगच डोक्यावर. "कोरा दिसता, म्हणजे कामाला गेला नाय," असं त्यांचं म्हणणं.

काका दर्यापारच्या आमच्या उसाच्या बेटावर, शमें ग्रेनिए गावात, आमच्या शेजारी राहायचे. साखर कारखान्यात फिटर. शिवाय देवळातला मातीचा गणपती दर वर्षी त्यांच्याच हातचा. मी गावात संध्याकाळचे मराठीचे वर्ग घ्यायचो आणि देवळाच्या कमिटीचा सेक्रेटरी होतो, म्हणजे दुप्पट शहाणा होतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. इंग्लंडात नर्स असलेल्या भाचीने काकांना एक खोका पाठवला. आत अंतराळयानाचे प्लास्टिकचे सुटे भाग आणि जोडणीचा इंग्रजी कागद. तो वाचायला काकांनी मला बोलावलं. माझं इंग्रजी जेमतेम, पण ते कबूल कसं करणार? मी कागद उलटा धरला आणि ठणकावून सांगितलं, "हे चार पाय वर चिकटवायचे." काकांनी चिकटवले. पंधरा दिवसांनी खोक्यावरचं चित्र नीट पाहिलं आणि माझा चेहरा पडला.

काका एवढंच म्हणाले, "की पू फेर, मास्टर? करायचा काय? तिकडं आभाळात वर-खाल कोणाला कळता?"

मग त्यांनी ते यान मळवायला घेतलं. मोडक्या घड्याळाची चाकं, बिघडलेल्या रेडिओचे तुकडे पंखांवर चिकटवले. कारखान्याच्या धुराड्याची काजळी आणून बोटाने चोळली. खिडक्या मात्र गणपतीचे डोळे रेखायच्या ब्रशने रंगवल्या. "एवढ्या लांबशी आलेला जहाज, त्याला डाग नको?" सुंदराकाकूंना हे पटेना. एके दिवशी त्यांनी यान साबण लावून लख्ख धुतलं. काका दुसऱ्या दिवशी पुन्हा काजळी घेऊन बसले.

काकू कुरकुरायच्या, पण एकदा माझ्यादेखत नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी दर साल देव करता नि दर्यात देऊन येता. हा एक तरी घरात राहू द्या. मला बघायला."

त्याच वर्षी काकू गेल्या. काकांनी यान पुरं केलं आणि काकूंच्या शिलाई मशीनवर ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते बघू देत, हात लावू देत नसत.

पुढच्या गणपतीला माझ्या डोक्यात आधुनिक मखराचं खूळ शिरलं. मी यान मागितलं. काका जरा घुटमळले, पण देवाचं काम म्हणून त्यांनी दिलं. सगळा गाव ते बघायला लोटला आणि कल्पना माझी आहे हे मी प्रत्येकाला सांगितलं.

विसर्जनाच्या दिवशी कुणीतरी विचारलं, "आनी ह्या जहाजाचा काय?"

मी घसा खाकरला. "देवापुढे ठेवलेलं परत नेत नाहीत."

असा नियम मी कधी ऐकला नव्हता. चारचौघांत विचारलं, म्हणून तिथल्या तिथे केला. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि यान उचललं.

समुद्रावर आरती झाली. गणपती पाण्यात गेला. काकांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून यान सोडलं. पण ते प्लास्टिक, बुडतंय कशाला? उलटं झालं आणि तरंगायला लागलं. माझ्या कृपेने वर गेलेले पाय पहिल्यांदाच खाली आले. लाटेने ते काकांच्या पायाशी आणून टाकलं. काकांनी ढकललं, ते परत आलं. बायका पदराआड हसायला लागल्या. मीही हसणार होतो, तेवढ्यात मला सुंदराकाकूंचं बोलणं आठवलं. माझ्यादेखत बोललेलं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तिसऱ्यांदा परत आलं तेव्हा काकांनी ते धरून ठेवलं. "मास्टर, हा जात नाय. तुमच्या नियमात काय लिवलाय?"

मी नव्या पँटसकट पाण्यात शिरलो. "तीनदा परत आलं की घरी न्यायचं असतं."

"असा लिवलाय?"

"लिहिलंय, काका."

त्यांनी यान छातीशी घेतलं आणि पंखावरून हात फिरवला. काजळी सगळी धुऊन गेली होती.

"सुंदराने धुवला होता, तसा झाला," काका म्हणाले.

त्यानंतर त्यांनी ते कधीच मळवलं नाही.