अध्यक्षांच्या गळ्यातली कादंबरी

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी ही नवी कोरी कवळी रामकुंडात जाऊ दे. मग बसा हसत.

तर मखमलाबादच्या फुलमळ्यातली योगिनी. आई-बाप झेंडू-शेवंती लावायचे, पोरगी हार ओवायची. तिला डिस्लेक्सिया. म्हणजे डोकं लख्ख, पण अक्षरं कागदावर ठरायची नाहीत, पाय फुटल्यासारखी हलायची. शाळेने याची रीतसर चौकशी केली आणि 'आळस' असा निष्कर्ष काढला. चौकशी बाकावर उभं करून झाली.

अशा पोरीने कादंबरी रचली. कशात? हारात. पिवळा झेंडू ओवला की भांडणाचं प्रकरण, केशरी ओवला की लग्नाचं, पांढरी शेवंती म्हणजे कुणीतरी गेलं. माळ बोटांखालून सरकवायची आणि फोनला गोष्ट सांगायची. थोरला भाऊ हर्षल ते ऐकून टाइप करायचा. हार सुकला की तसाच नवा ओवायचा. तिला एकच हवं होतं, मुखपृष्ठावर स्वतःचं नाव. ज्या अक्षरांनी जन्मभर छळलं, त्यांनी एकदा तरी तिच्या नावाने गपगुमान उभं राहावं.

कादंबरी नाशिक रोडच्या एका शब्दसेवा मंडळाकडे गेली. परीक्षकांनी ती छापायला एकमताने निवडली. योगिनी भेटायला गेली आणि सहज बोलून गेली, "सर, मी लिहीत नाही. सांगते."

अध्यक्ष खंडेराव सरांचं बिस्किट चहात पडलं.

"मग लिहिली कुणी?"

"मीच."

"लिहीत नाही म्हणता ना?"

"हो. सांगितली."

"अहो बाई, हे लेखकांचं मंडळ आहे. सांगणारे आमच्या कार्यक्षेत्रात येत नाहीत."

सरांची भाषणं त्यांचा पुतण्या लिहून द्यायचा. पण ती ते स्वतः वाचायचे, त्यामुळे ती कार्यक्षेत्रात बसत होती.

तातडीची सभा झाली. ठराव झाला की लेखिकेने समितीपुढे कादंबरी स्वतः वाचून दाखवावी. वाचायला अडचण असणाऱ्यांनी आधी अस्खलित वाचून दाखवल्यास त्यांच्या सवलतीचा सहानुभूतीने विचार होईल, असं उपकलमही जोडलं.

योगिनी ताजी माळ पिशवीत घालून गेली. ती बाहेर काढली मात्र, खंडेराव सरांनी मान पुढे केली. उभी हयात सत्कार घेतलेली मान ती, फुलं दिसली की आपोआप वाकायची. माळ गळ्यात पडली. टाळ्याही झाल्या.

"सर, ती माझी कादंबरी आहे."

"असू दे, असू दे. भावना पोचल्या."

आता गळ्यातला हार परत मागणं शिष्टाचारात बसेना. मग योगिनी सरांच्या खुर्चीशी उभी राहिली आणि त्यांच्या छातीवरच्या एकेका फुलाला बोट लावत सांगू लागली. सगळं बिनचूक. पण सरांच्या हाताला चाळा. ऐकता ऐकता त्यांनी पांढरी शेवंती चुरगाळून खाली टाकली. म्हणजे नायिकेचा सासरा मरतो ते अख्खं प्रकरण गेलं! योगिनी थबकली. समितीत कुणाला काही म्हणता काही वाटलं नाही. तेव्हा पोरीचे डोळे बारीक झाले.

"आणि मग," ती म्हणाली, "सासरा मालेगावहून उंटावर बसून निघाला. टोलनाक्यावर उंटाने हुज्जत घातली, एक पैसा दिला नाही, आणि दोघं वाजतगाजत सुनेच्या दारात उतरले."

"अहाहा!" परीक्षक मोहिनीताईंनी डोळे टिपले. "हा प्रसंग मी दोनदा वाचला बाई."

"उंट म्हणजे आधुनिक माणसाचं एकटेपण," खंडेराव सर म्हणाले. "मी माझ्या अभिप्रायात नमूद केलंय."

दाराशी उभा हर्षल न राहवून बोलला, "पण सर, पुस्तकात उंट नाहीये."

मग मोहिनीताई थंडपणे म्हणाल्या, "समितीने एकमताने वाचलेला उंट प्रतीत नसेल, तर प्रत सदोष आहे."

प्रतीत उंट घालावा, असा ठराव मंजूर झाला.

"घालते की," योगिनी म्हणाली. "पण मुखपृष्ठावर माझं नाव हवं."

"अहो, पण कार्यक्षेत्र..."

"मग सांगू का सगळ्यांना, उंट नव्हताच म्हणून?"

सरांनी विशेष बाब म्हणून मान्यता दिली. प्रकाशन दणक्यात झालं. सर उंटावर इतकं बोलले की माइकवाला झोपला. मुखपृष्ठावर योगिनीचं नाव ठळक झळकलं. ती त्यावरून बोट फिरवत राहिली. अक्षरं जागची हलली नाहीत.

आलं ना डोळ्यांत पाणी? आता कवळी वाचवायची तर कबूल करायला हवं. माळ खरी, उंट खरा, बिस्किटसुद्धा खरं. मुखपृष्ठावरचं नाव तेवढं माझ्या पदरचं. मंडळाने आधी उंट सांगून घेतला, मग त्यांना कार्यक्षेत्र आठवलं. वर छापलंय 'शब्दसेवा मंडळ निर्मित'. योगिनी आत आभारांत आहे, इतक्या बारीक अक्षरांत की तिलाच वाचता येऊ नये.

विश्वास नसेल तर तुमची प्रत काढून बघा. प्रकाशनाला पहिल्या रांगेत होतात की तुम्ही! पुस्तक शालीबरोबर मिळालं, ते अजून शालीतच गुंडाळलेलं आहे. उंटाबद्दल मात्र चारचौघांत फार छान बोलता हं.