साठ दिवसांचा मूग आणि बारा बाय सोळाचा डेक

शैलेंद्रला आयुष्याकडून फार काही नको होतं. मागच्या दारी बारा बाय सोळा फुटांचा, लाकडी फळ्यांचा एक डेक, त्यावर एक खुर्ची आणि शनिवारी सकाळी त्या खुर्चीत बसून निवांत एक कप चहा. न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला घर घेऊन नऊ वर्षं झाली होती. रोज ट्रेनने न्यूयॉर्कला जाऊन-येऊन त्याची पाठ कामातून गेली होती, आणि दर शनिवारी लॉन कापता कापता तो खुर्ची कुठे ठेवायची ते मनात ठरवत असे. डेकचा अर्ज मात्र तीन वर्षं कॉलनीच्या असोसिएशनकडे पडून होता. पहिल्या वर्षी कचऱ्याचा डबा एक दिवस जास्त बाहेर राहिला म्हणून नोटीस आली. दुसऱ्या वर्षी दिवाळीचा आकाशकंदील फेब्रुवारीपर्यंत लटकत राहिला म्हणून आली. नियम सरळ होता: घरावर एकही नोटीस उघडी असेल, तर डेकची फाइल जागची हलायची नाही.

यंदा एप्रिलमध्ये अघटित घडलं. असोसिएशनच्या अध्यक्षा मिसेस कोवाल्स्की जातीने आल्या आणि 'या महिन्याचं सर्वोत्तम लॉन' अशी पाटी त्याच्या अंगणात रोवून गेल्या. शेजाऱ्यांची लॉनं थंडीने अजून पिवळी पडलेली, आणि याचं हिरवंगार. शैलेंद्रने पाटीचा फोटो भारतात सासऱ्यांना पाठवला, कारण गेल्या ऑक्टोबरमध्ये परत जाण्याआधी तिथे बी त्यांनीच टाकलं होतं.

सासऱ्यांचं उत्तर आलं: "उत्तम. फुटवे चांगले आहेत. पाणी द्या."

फुटवे म्हणजे काय, ते शैलेंद्रने विचारलं नाही. मेच्या अखेरीस लॉनला ओंब्या आल्या, तेव्हा त्याला आपसूक कळलं.

तोवर सासरेही सहा महिन्यांसाठी येऊन दाखल झाले होते. जगन्नाथराव भंडारा जिल्ह्यातून कृषी अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी शेतकऱ्यांना एकच गोष्ट सांगितली: भातानंतर गहू घ्या, आणि गहू निघाल्यावर रान रिकामं ठेवू नका, साठ दिवसांत येणारा सुधारित मूग टाका. जमिनीला नत्र मिळतं, घरात डाळ येते. शेतकरी मान डोलवत, चहा पाजत आणि रान रिकामंच ठेवत. जगन्नाथरावांच्या स्वतःच्या नावावर गुंठाभरही जमीन कधी नव्हती. अशा माणसाला जावयाच्या घरामागे पाव एकराच्या आतबाहेर जागा दिसली, आणि तिच्यात नुसतं गवत!

"बाबा, हा गहू आहे?" शैलेंद्रने विचारलं.

"मग तुम्हाला काय वाटलं?"

"लॉन."

"लॉन खाता येतं का, जावईबापू?"

त्याच आठवड्यात यंदाची पहिली नोटीस आली. गवत आठ इंचांपेक्षा उंच. शैलेंद्रने गुपचूप गवत कापायचा मोअर बाहेर काढला, तर त्याची बायको कांचन दारात उभी.

"दाणे भरतायत त्यात," ती म्हणाली.

"कांचन, माझा डेक—"

"बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची शेतं पाहिली. एक पीक त्यांना डोळ्यांदेखत काढू दे ना रे. एकच."

शैलेंद्रने मोअर परत आत ठेवला. 'एकच' या शब्दावर विश्वास ठेवण्याची त्याची ती शेवटची वेळ.

नोटिशीचा कागद जगन्नाथरावांनी चष्मा लावून दोनदा वाचला. उत्तर द्यायला तीस दिवस, त्यानंतर सुनावणी आणखी तीस दिवसांनी. त्यांचा चेहरा खुलला. सरकारी नोकरीत त्यांनी कागदाचा वेग जन्मभर पाहिला होता. एकोणतिसाव्या दिवशी त्यांनी उत्तर धाडलं. जुलैच्या सुरुवातीला गहू पिकला. इंडियन ग्रोसरीत विळा मिळत नाही म्हणून तो कांचनच्या स्वयंपाकघरातल्या कात्र्यांनी कापला, आणि दोन दिवसांत तिथे मूग पेरला. मुगाचं बी इथल्याच विद्यापीठात संशोधन करणाऱ्या अदितीकडून घेतलेलं. तिचे वडील जगन्नाथरावांच्या हाताखाली होते.

जुलैअखेरीस समिती सुनावणीपूर्वी पाहणीला आली, तेव्हा अंगणात आठ इंचांवर काहीच नव्हतं, कारण मूग पाच इंचांचा होता. गव्हाची नोटीस बंद झाली. समितीने जाता जाता मूग पाहिला आणि दुसरी नोटीस काढली: परवानगीशिवाय लागवड.

"परत तीस आणि तीस, साठ," जगन्नाथराव बोटांवर मोजत म्हणाले. "आणि माझ्या वाणाचेही साठ, त्यातले वीस उलटलेत. यांची सुनावणी व्हायच्या आत रान मोकळं. जुनं वाण असतं ना, तर शेंगा महिनाभर थोड्या थोड्या पिकत बसल्या असत्या. हे सगळं एकदम पिकतं. हीच तर सुधारणा आहे!"

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काय, गहू."

शैलेंद्रने मनातल्या मनात हिशेब मांडला. नोटीस, पीक, नोटीस, पीक. या फेरपालटात डेकला रिकामी जागाच नव्हती.

मध्येच तिसरी नोटीस आली, साचलेल्या पाण्याची. न्यू जर्सीचा उन्हाळा भाताला पुरणार नाही हे जगन्नाथरावांना ठाऊक होतं, पण भाताशिवाय फेरपालट शिकवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून त्यांनी अकरा वर्षांच्या नातीच्या, आन्याच्या, जुन्या रबरी स्विमिंग पूलमध्ये भाताची रोवणी केली होती. डासांची तक्रार येताच त्यांनी पुलात आन्याचा गोल्डफिश सोडला.

"आजोबा! नगेट इज नॉट अ फार्म अ‍ॅनिमल!"

"भातखाचरात मासा सोडतातच, बेटा. तो नोकरीला लागला असं समज."

ही नोटीस मासा पाहून मागे घेतली गेली. मिसेस कोवाल्स्कींनी शेऱ्यात 'तळं, शोभेचं' असं लिहिलं.

आता एकच नोटीस उरली होती, मुगाची. आणि इथे शैलेंद्रने शहाणपणा केला. एका दुपारी ऑफिसातून, घरी कुणाला न सांगता, त्याने असोसिएशनला काकुळतीचा ईमेल लिहिला: सुनावणी कृपया लवकर घ्यावी, माझा डेक अडला आहे. तीन वर्षांत असोसिएशनने एकही काम लवकर केलं नव्हतं. हे केलं. सुनावणी सहा सप्टेंबरला, शनिवारी सकाळी दहा वाजता, प्रत्यक्ष जागेवर.

सुधारित वाणाने आपला शब्द पाळला. चार सप्टेंबरला शेंगा पिकून सगळं रान एकदम काळं पडलं. शनिवारी दुपारी पाऊस येणार असं फोन सांगत होता.

"आज तोडणी नाही झाली तर शेंगा भिजतील, तडकतील. सगळं मातीत," जगन्नाथराव शनिवारी सकाळी सहालाच म्हणाले. "चौतीस वर्षं मी लोकांना सांगितलं, जावईबापू. स्वतः एकदाही काढला नाही."

शैलेंद्र इस्त्रीचा शर्ट घालून सुनावणीची फाइल लावत होता. त्याने बाह्या वर केल्या.

दहा वाजता मिसेस कोवाल्स्की आणि समितीचे दोघे आले, तेव्हा चादरी ड्राइव्हवेवर होत्या, पॅटिओवर होत्या, आन्याच्या ट्रॅम्पोलिनवर होत्या, आणि सगळ्यांवर शेंगा. दोन्ही गाड्यांच्या बॉनेटवरही शेंगा. शैलेंद्र वाकलेल्या पाठीने तसाच वळला आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग." डेक गेला हे त्याला उमगलंच होतं. आश्चर्य म्हणजे त्याला थोडं हलकं वाटलं.

जगन्नाथराव पुढे झाले. त्यांचं इंग्रजी जुन्या सरकारी परिपत्रकातलं होतं. त्यांनी मुगाचं एक झाड उपटलं, मुळावरच्या गाठी मिसेस कोवाल्स्कींना दाखवल्या आणि सांगितलं की या गाठींतून जमिनीला फुकटचं खत मिळतं, म्हणूनच एप्रिलमधलं लॉन तसं हिरवं होतं. हे साफ खोटं होतं, कारण एप्रिलच्या आधी इथे मूग नव्हताच. शैलेंद्र खाली मान घालून शेंगा तोडत राहिला. मिसेस कोवाल्स्कींनी मुळावरची गाठ नखाने फोडून पाहिली.

"आत गुलाबी आहे," त्या म्हणाल्या. "माझे आजोबा हेच बघायचे. त्यांचं सोयाबीन होतं." आणि पर्स ट्रॅम्पोलिनला अडकवून त्या तोडणीला लागल्या. अध्यक्षा वाकल्यावर समितीच्या दोघांनाही वाकावं लागलं.

पावसाच्या पंधरा मिनिटं आधी शेवटची शेंग गॅरेजमध्ये गेली. गाड्या बाहेर भिजत राहिल्या.

"मॅडम," जगन्नाथराव तेव्हा म्हणाले, "आपण जी अव्यवस्था पाहिली, तिचं मूळ एकच. या घराला डेक नाही. माझ्या जावयांनी तीन वर्षं अर्ज केला आहे. अत्यंत सज्जन माणूस आहे."

शैलेंद्रच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, सासऱ्यांनी त्याची बाजू घेतल्याचं त्याला आठवत नव्हतं. आपण त्यांच्या पाठीमागे ईमेल केला होता, या विचाराने तो ओशाळला. पीक निघालं म्हणून नोटीस तिथेच बंद झाली आणि डेकच्या अर्जावर सही पडली.

पुढचे तीन आठवडे जगन्नाथराव काँट्रॅक्टरच्या मागेच उभे होते. बाहेरच्या फळ्यांत पाणी निचरायला फट सोडायची असते, असं तो सांगत होता. "अगदी बारीक सोडा," जगन्नाथराव बजावत. पश्चिमेकडे कठडा नको, असाही त्यांचा आग्रह. "वारा तिकडूनच येतो." कांचन म्हणाली, "बघ, तुझ्या चहाला वारा लागावा म्हणून किती धडपडतायत."

सत्तावीस सप्टेंबरच्या शनिवारी शैलेंद्रने आल्याचा चहा केला, खुर्ची काखेत मारली आणि पायाने दार उघडलं.

बारा बाय सोळाच्या डेकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत शेंगा वाळत होत्या. पश्चिमेच्या मोकळ्या कडेला जगन्नाथराव स्टुलावर उभे राहून टोपलीतून मूग वाऱ्यावर उपणत होते. फोलपटं उडून जात होती, आणि हिरवे, चकचकीत दाणे फळ्यांवर टपटपत होते. एकही फटीतून खाली पडत नव्हता.

"चपला बाहेर, जावईबापू," ते वळून न बघता म्हणाले. "खळ्यावर आलात."

शैलेंद्रने चपला काढल्या. "बाबा," त्याने हळूच विचारलं, "तुम्हाला डेक यासाठीच हवा होता?"

"म्हणजे काय! खळ्याशिवाय कुठे शेती होते? तुम्ही तीन वर्षांपासून मागत होतात, मला तर कौतुकच वाटलं तुमचं. दूरदृष्टी आहे म्हटलं."

"आणि मी चहा कुठे पिऊ?"

जगन्नाथरावांनी टोपली खाली घेतली आणि अंगणाकडे हात केला. मुगाचा पाला गाडून सपाट केलेली काळी, मोकळी माती उन्हात पडली होती.

"ते काय, रान आहे ना रिकामं," ते उदारपणे म्हणाले. "गहू पंधरा ऑक्टोबरला पेरायचा. तोवर अठरा दिवस तुमचेच."

शैलेंद्रने खुर्ची उचलली, पायऱ्या उतरला, आणि गव्हाच्या ओळी कुठून जातील याचा अंदाज घेत, त्यांच्या आड येणार नाही अशा बेताने मातीत ठेवली.