कर्णिकभाऊंचा तक्ता

कर्णिकभाऊ दुकानात समोसा कधी गरम करून घेत नाहीत. काउंटरवरच्या बाईने सवयीने तो ओव्हनकडे नेला, की हे लगेच हात आडवा घालतात. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या न्यू जर्सीत गार समोसा हा किराणा असतो, त्याच्यावर कर नाही. तोच गरम केला की तो हॉटेलातलं खाणं होतो आणि कर बसतो. "विस्तव माझ्या घरी आहे," असं म्हणतात आणि पिशवी छातीशी धरून निघतात.

चॉकलेटचं तसंच. ज्यात मैदा असेल त्यावर कर नाही, नुसतं चॉकलेट असेल तर आहे. त्यामुळे ते वेष्टनावरची बारीक अक्षरं चष्मा कपाळावर चढवून वाचतात, आणि माझ्या नातीला, इराला, नेहमी बिस्किटाचंच चॉकलेट मिळतं. सगळ्याच चॉकलेटांच्या पोटात बिस्कीट असतं अशी तिची बरेच दिवस समजूत होती.

मी जर्सी सिटीला लेकीकडे राहते. सुजाता आणि नितीन, आमचे जावई, दोघं कॉम्प्युटरवर काम करतात. बाविसाव्या मजल्यावर आमचं घर आणि त्याच मजल्याच्या शेवटाला कर्णिकभाऊ. वय त्र्याहत्तर. इंजिनिअर होते, आता रिटायर. बायको जाऊन आठ वर्षं झाली. घरात एक खुर्ची, एक टेबल आणि खोकी. खोक्यांत पावत्या.

आमची ओळख दुकानाच्या दारातच झाली. मी नवीन होते. सुजाताने यादी दिली होती, पण आत जाऊन कोणी काही विचारलं तर काय बोलायचं या भीतीने मी बाहेरच उभी होते. भाऊ आत गेले, बाहेर आले, तरी मी तिथेच. त्यांनी काही विचारलं नाही. यादी घेतली, पुढे झाले, मी मागे. तेव्हापासून दर बुधवारी आमची वारीच सुरू झाली म्हणा.

मी चौथी शिकलेली. इंग्रजी मला भाऊंनी पावतीवर शिकवलं. ज्या वस्तूपुढे टी हे अक्षर असेल तिच्यावर कर, हा पहिला धडा. मग मीठ, कांदे, साबण. त्यामुळे मला इंग्रजीत धणे वाचता येतात, पण कोणी कशा आहात म्हटलं की नुसती मान हलवते. इथे फळीवरच्या भावात कर धरलेला नसतो. तो भाव बघून मी खूश झाले की भाऊ म्हणत, "ताई, फळीवरचा भाव म्हणजे स्थळाचा फोटो. नवरा दिसतो पावतीवर."

आमच्या बिल्डिंगमधून कोणी दुसऱ्या राज्यात निघालं, की आधी भाऊंकडे जातं. ते तक्ता करून देतात. डावीकडे इथला खर्च, उजवीकडे तिथला. घरभाडं, वीज, कपडे, गाडी, सगळं. तिथल्या न्हाव्याला फोन करून केस कापायचे किती घेता तेही विचारतात. न्हावी कधी येताय म्हणाला, तर सांगतात, मी नाही येत, डोकी पाठवतोय. पैसे घेत नाहीत. अट एकच, घरातल्या तीन महिन्यांच्या पावत्या आणून द्यायच्या. त्या वाचून त्यांना सगळं कळतं. टेक्सासला निघालेल्या एका जोडप्याला त्यांनी विचारलं होतं की एवढं आइस्क्रीम घरात कोण खातं. बायको नवऱ्याकडे बघत राहिली. त्याला शुगर होती.

तर या वर्षी आमची पाळी आली. सुजाताला व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला, चांगली नोकरी मिळत होती. महिन्याच्या आत हो किंवा नाही सांगायचं होतं. नितीनने पावत्यांची पिशवी भाऊंना नेऊन दिली. एरवी दोन दिवसांत तक्ता होतो. आमचा दोन आठवडे झाला नाही.

लिफ्टमध्ये भेटले की मात्र व्हर्जिनियाची निंदा. तिथे पिठामिठावरही कर आहे. कपड्यांवर आहे. दारात उभ्या असलेल्या गाडीवर दरवर्षी आहे. "उभी आहे म्हणून कर. उद्या माणूस बसलाय म्हणून लावतील." नितीन हसायचा. सुजाता घरी येऊन म्हणाली, "आई, काकांना आपण गेलेलं नकोय. बघ, खोटा तक्ता करून देतील."

मला तर तो खोटाच हवा होता. अ‍ॅशबर्नला गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही असं मी सगळ्यांकडून ऐकलं होतं. मला गाडी येत नाही. इथे एका दुकानापर्यंत जायचं धाडस करायला मला एवढे दिवस लागले. तिथे मी कोणी बाहेर नेईल तेव्हा बाहेर जाणार. पण लेकीची नोकरी होती; जाऊ नका असं तोंडाने कसं म्हणायचं?

मग भाऊ तीन दिवस दिसलेच नाहीत. दार बंद, फोन उचलेनात. नितीन खाली बिल्डिंगच्या ऑफिसात विचारून आला. चौथ्या दिवशी, रविवारी, ते स्वतःच आले. टाचेला पट्टी, चाल लंगडी. टेबलावर तक्ता ठेवला. खाली शेवटी एकच शब्द लिहिला होता. जा.

सगळे कर धरूनही तिथलं भाडं एवढं कमी होतं, की आमचा फायदाच होता. सुजाता शरमली असावी, ती मान खाली घालून आकडे बघत होती. नितीनने दोन घरं बघून ठेवली होती. भाऊंनी त्यातलं स्वस्त घर खोडलं होतं आणि महिन्याला एकशे चाळीस डॉलर जास्तीचं ठेवलं होतं.

"काका, इथे उलटं झालंय," नितीन म्हणाला. भाऊंची चूक सापडली म्हणून तो जरा खुशीत होता.

"उलटं नाही. त्या स्वस्त घराला फूटपाथ नाही. या घरापासून इंडियन स्टोअर चालत अकरा मिनिटं."

सुजाता फोनवर बघून म्हणाली, "काका, यात तर नऊ दाखवतंय."

"नऊ माझ्या पायाने. ताईंच्या पायाने अकरा. तसं चालून बघितलं मी."

त्या तीन दिवसांत ते तिथे जाऊन आले होते. वॉशिंग्टनपर्यंत बस, पुढे मेट्रो, दोन रात्री कुठल्याशा मोटेलात. तो खर्च तक्त्यात कुठेच नव्हता, आणि किती झाला ते विचारायचं कोणाला सुचलंही नाही. सुजाता चहा ठेवायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

भाऊंनी खिशातून एक घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे सरकवला. नकाशा होता. सगळी अक्षरं मराठीत, मोठी मोठी. इथे सिग्नल, बटण दाबून थांबायचं. इथे बाक, दुपारनंतर सावली. इथे कुत्रा भुंकतो, कुंपणाच्या आत असतो. मग दुकानाचा चौकोन. त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं:

"काउंटरवर दुपारी साताऱ्याच्या एक बाई असतात. मी नाव विचारलेलं नाही. ते तुम्ही विचारा."